न उडालेलं काडतूस

लेकीच्या वाढदिवसाला सकाळी सकाळी आईने औक्षणाचं तबक मांडलं, तेव्हा आमच्या अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये सगळं अगदी दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. आईबाबा दसरा आटोपून सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून नुकतेच आले होते. आईने बॅग भरून समई, निरांजनं, ताम्हन, घंटा असं पितळ आणलं होतं. दुबईत हे सगळं मिळतं असं मी फोनवर घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं, पण आमची आई ऐकणाऱ्यातली नव्हेच. तिने अक्षतांची पुरचुंडी सोडून तबकात उलटी केली आणि तांदळाबरोबर काहीतरी टण्णकन पडलं.

लेक पाटावरूनच वाकली. "आज्जी, व्हॉट इज धिस? सो क्यूट! इज इट अ लिपस्टिक?"

मी सराफाची मुलगी. बाबांकडे परवान्याचं छोटं पिस्तूल मी कॉलेजात असल्यापासून होतं. त्यामुळे कुंकवाने लडबडलेली ती वस्तू काय आहे हे मला ओळखायला वेळ लागला नाही. ते जिवंत काडतूस होतं. मी लेकीला नवीन सायकल बघायला म्हणून आतल्या खोलीत पिटाळलं.

नवऱ्याने आधी काय केलं असेल, तर हॉलचे पडदे ओढले. एवढ्या वरच्या मजल्यावर आमच्या घरात घार सोडून कोण बघणार होतं? पण त्याला हसायची माझी छाती झाली नाही. "धिस इज ॲम्युनिशन," तो कुजबुजला. "बॅगेवर बाबांच्या नावाचा टॅग आहे. पकडले तर बाबांना आत टाकतील, आणि आपला व्हिसा खलास." इथे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या मनात ही भीती कायम दबा धरून बसलेली असते. नोकरी, घर, मुलांची शाळा, सगळं एका कागदावर उभं, आणि तो कागद आपल्या हातात नाही. त्यात बाबा सत्तरी ओलांडलेले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. ते परक्या देशातल्या कोठडीत बसलेत हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

बाबांनी काडतूस उचलून त्याचं बूड बघितलं. बुडाच्या मधोमध बारीकशी खळी पडली होती. त्यांचा चेहरा उतरला.

"हे तुझ्याकडे कसं?" त्यांनी आईला विचारलं.

"देवघरातल्या डबीतून अक्षता घेतल्या. त्यात होतं ते. घाईत लक्षातच राहिलं नाही हो."

"पण देवघरात कशाला ठेवलंस?"

"ठेवलं," एवढंच म्हणून आई तबकातले तांदूळ गोळा करू लागली.

ते पिस्तूल म्हणजे आमच्या घरातलं एक लाडावलेलं आणि बिनकामाचं माणूस होतं. शेजारच्या पेढीवर दरोडा पडला तेव्हा बाबांनी परवाना काढला, आणि मोठं पिस्तूल दिसायला वाईट म्हणून बंडीच्या आतल्या खिशात मावेल असं घेतलं. तिथूनच त्याची दुखणी सुरू झाली. त्या खिशात सुपारी, लवंगा आणि अडकित्ताही असायचा. सुपारीचा भुगा आणि कापसाचे तंतू आत जायचे, उन्हाळ्यात घामाने गंज धरायचा. जिल्ह्याच्या रायफल क्लबात सरावाला गेले की पहिली गोळी सुटायची आणि दुसरीला रिकामं काडतूस तोंडातच अडकून बसायचं. तिथे बाबांसारखेच एक डॉक्टर आणि एक द्राक्षबागायतदार यायचे, दोघांकडेही अशीच खिशातली पिस्तुलं. ज्याचं अडके तो काडतुसांना नावं ठेवी, ज्याचं चाले तो आपल्या हाताचं कौतुक सांगे. एवढंसं पिस्तूल, मूठ जरा सैल पडली तरी रुसतं, असं बागायतदार म्हणायचे. त्यांचं तर मूठ घट्ट धरूनही रुसायचं.

वर आमची खंडेनवमी. इतर शस्त्रांबरोबर बाबा पिस्तूलही रिकामं करून पाटावर ठेवायचे. आई त्याला हळदकुंकू लावायची, अक्षता आणि झेंडूची फुलं वाहायची. तेलावर कुंकू बसलं की त्याचा चिखल होऊन आत उतरायचा. एकदा बंदुकांच्या डीलरने ते खोललं तर आतून तांदळाचा दाणा निघाला. "काका, पूजा त्याच्या डब्याची करा, पिस्तुलाची नको," असं त्याने हात जोडून सांगितलं होतं. पण शस्त्राची पूजा चुकवायची म्हणजे काय, असं म्हणून दरवर्षी कुंकू लागतच राहिलं. आम्ही भावंडं त्या पिस्तुलाला हसायचो. बाबा मात्र ते जवळ असल्याशिवाय दुकानाचं शटर उघडत नसत.

तर आता त्याचंच एक काडतूस आमच्या डायनिंग टेबलावर, पेपर नॅपकिनवर पडलं होतं. नवरा म्हणाला, समुद्रात टाकून येतो. मी म्हटलं, किनाऱ्यावर कॅमेरे आहेत. कचऱ्यात टाकावं, तर तिथेही कॅमेरा. परत बॅगेत घालून नेण्याचं तर नावच नको. येताना पितळेच्या गराड्यात मशीनला दिसलं नसेल, जाताना दिसणारच नाही असं कोण सांगणार? शेवटी बाबाच उठले आणि शर्ट बदलून आले.

"चोरासारखं टाकायचं नाही. मी नेऊन देतो. परवान्याची झेरॉक्स आहे माझ्याकडे. विचारतील त्याला खरं उत्तर द्यायचं."

"आणि ठेवून घेतलं तर?"

"तर तू आहेस ना इथे," ते म्हणाले. एवढं बोलताना त्यांनी दोनदा ओठ ओले केले.

लेकीला शेजाऱ्यांकडे सोपवून आम्ही चौघं पोलीस स्टेशनला गेलो. गाडीत मी मनातल्या मनात कुलदैवताला साकडं घालत होते, बाबांना सोडव, नारळाचं तोरण बांधीन. सिग्नलला शेजारी पोलिसांची गाडी थांबली तेव्हा काडतूस ठेवलेला डबा मांडीवर धरून बसलेल्या बाबांनी डोळे मिटून घेतले.

आतला अधिकारी तरुण होता, फार नम्र होता, आणि त्या नम्रतेचीच मला जास्त धडकी भरली. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाबांची इंग्रजी बेताची, म्हणून मी दुभाषी. पुरचुंडी, पूजा, देवघर हे सगळं मी कसंबसं सांगितलं. त्याने पेनाच्या टोकाने काडतूस फिरवलं आणि बुडाची खळी दिसल्यावर तो थांबला.

"धिस वॉज हिट, मॅडम. समवन प्रेस्ड द ट्रिगर. प्लीज आस्क युवर फादर." तेव्हा नेम कशावर होता, हे त्याला हवं होतं.

मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. क्लबातलं लक्ष्य. इंग्रजी वाक्यही मी तयार ठेवलं होतं. पण बाबा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले.

"सांगा आता," आई हळूच म्हणाली. "इथे लपवाछपवी नको. पोरीच्या अंगाशी येईल."

मग बाबा खाली मान घालून बोलले. गेल्या वर्षीचा दसरा. दुकान बंद करायच्या वेळेला लाइट गेले. चौकात देवीच्या मिरवणुकीची डॉल्बी दणाणत होती. घराकडून दुकानात यायच्या मागच्या दाराची कडी हलली. त्यांनी कोण म्हणून विचारलं, उत्तर आलं नाही. दार उघडलं आणि अंधारात कुणीतरी आत आलं. बाबांनी चाप ओढला. नुसतं खट् वाजलं. आदल्याच दिवशी पूजा झाली होती, आतली स्प्रिंग कुंकवाने चिकटली होती.

"मग ही म्हणाली, अहो, मी आहे. गल्ल्यात ठेवायला आपट्याचं सोनं घेऊन आली होती."

मी आईकडे बघितलं. ती टेबलावरच्या त्या काडतुसाकडे बघत होती. अधिकारी माझ्या तोंडाकडे बघत होता. हे वाक्य माझ्या लेकरालाही कधी सांगू नये असं, आणि ते मला एका अनोळखी माणसाला परक्या भाषेत सांगायचं होतं. "माय मदर," मी म्हणाले. "ही प्रेस्ड इट ॲट माय मदर. इट डिडन्ट वर्क."

त्याने पेन खाली ठेवलं. मग त्याने विचारलं, त्यानंतर त्या पिस्तुलाचं काय केलं? हे मी बाबांना विचारलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा उजळला. आपण किती जबाबदार आहोत हे सांगायची संधी मिळाली असं त्यांना वाटलं असावं.

"लगेच दुरुस्त करून घेतलं. सगळं खोलून साफ केलं, स्प्रिंग बदलली. ती पूजाही बंद केली. क्लबात नेऊन चालवून बघितलं. त्याला सांग, आता एकदासुद्धा अडकत नाही. आता भरवशाचं झालंय."

तेही मी सांगितलं.

मग त्याने बाबांना एकट्याला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. दार उघडलं की मी उठायची आणि दुसरंच कुणी दिसलं की पुन्हा बसायची. आईचा जप चालू होता. नवऱ्याने वकिलाचा नंबर दोनदा काढला आणि दोन्हीदा फोन ठेवून दिला. शेवटी बाबा बाहेर आले, पासपोर्ट हातात, घामाने भिजलेले. काडतूस तिथेच राहिलं. अधिकारी दारापर्यंत आला.

"खलास, मॅडम," तो म्हणाला, म्हणजे अरबीत झालं, संपलं. "यू कॅन टेक हिम होम."

मी रडले. नवऱ्याने बाबांना मिठी मारली. गाडीत बसल्यावर बाबा एकदम मोकळे होऊन बोलायला लागले. पुढच्या आठवड्यात गावी पोचलं की इकडे येताना तिथल्या चौकीत जमा केलेलं पिस्तूल आधी सोडवून आणायला हवं, दुकान असं किती दिवस उघड्यावर ठेवायचं? ज्या सुटकेसाठी मी सकाळपासून देवाला वेठीला धरलं होतं, ती मिळाली होती, आणि आता ते घरी जाणार होते. पिस्तूल परत आणू नका म्हणून मी बाबांची विनवणी केली. ते हसले आणि बाहेर बघायला लागले.

"आई, तू इथेच राहा माझ्याकडे," मी म्हटलं.

"आणि यांना जेवायला कोण वाढेल?" तिने माझा हात आपल्या हातात घेतला. "घाबरू नकोस गं. मी आता कुठल्याही खोलीत जाताना आधी हाक मारते. यांना ऐकू कमी येतं ना हल्ली, म्हणून दोनदा मारते."