आईने न ओळखलेला आवाज
उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की दिवा गावातल्या आमच्या खोलीतला, खिडकीत ठेवलेला रेक्झिनच्या कव्हरचा रेडिओ आठवतो. मधुमेहाने आईची नजर गेली होती, सकाळ झाल्याचं तिला रेडिओवरच्या एका निवेदकाच्या हसऱ्या "उठलात का मंडळी?"वरून कळायचं. मी त्याच रेडिओ स्टेशनवर साउंडचं काम करायचे. कित्येक वर्षं चाललेला त्या निवेदकांचा कार्यक्रम अचानक बंद झाला. त्यांना श्रोत्यांचा निरोपही घेऊ दिला नाही. त्या दिवशी स्टुडिओतून निघताना ते म्हणाले, "चल, तुझ्या आईला भेटू." आम्ही पोचलो तेव्हा नळाला पाणी आलेलं, बाहेर बादल्यांचा खडखडाट चाललेला. "आई, तुझे ते रेडिओवाले आलेत," मी म्हटलं. त्यांनी खाटेशी बसून तिचा हात धरला. "उठलात का, आई?" आईने कान दिला आणि हात सोडवून घेतला. "अगं, हे ते नव्हेत. ते कसे हसत बोलतात! हे कुणी फार दमलेले वाटतायत, चहा टाक त्यांना." मी बोलणार, तोच त्यांनी मानेने नको म्हटलं. "बरोबर ओळखलंत," एवढंच बोलून त्यांनी चहा संपवला. कार्यक्रम बंद झाल्याचं मी आईला सांगितलं नाही, ते सुट्टीवर गेलेत म्हटलं. ती शेवटपर्यंत सकाळी विचारायची, "ते अजून सुट्टीवरच का गं?" मी हो म्हणायचे. आता दोघंही नाहीत, आणि माझ्या घरात सकाळी कुणी बोलत नाही.