जमादार अप्पांची जर्मनी

अप्पा गेले त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि हा माणूस मला विचारतो, "सर, जर्मनीतल्या पोलिसांचा हिरवा गणवेश निळा झाला, पोरांना सांगितलं का?" लातूरच्या पोलीस भरतीच्या वर्गात कुणाला काय करायचंय हो जर्मनीचं! पण मी मुकाट्यानं हो म्हणालो. महिना होऊन गेला, तो आवाज कानातून जात नाही.

अप्पा औशाचे, निवृत्त जमादार. आमच्या वर्गात ते कायदा शिकवत, मी सामान्य ज्ञान. लेक जर्मनीत नर्स. तिच्याकडं तीन महिने राहायला गेले आणि देवळं-राजवाडे सोडून पोलीस ठाणी बघून आले! एकदा मी फळ्यावर लिहिलं, 'जर्मनीचे पोलीस महासंचालक'. अप्पांनी खडूच हिसकावला. "अहो, असला एकच साहेब तिथं न्हाईच! सोळा राज्यं, सोळा पोलीस. केंद्राकडं सरहद्द, रेल्वे, विमानतळ अन् गुन्ह्यांच्या तपासाचं एक मोठं हापिस. बस्स!" नाझींनी सगळे पोलीस एका मुठीत आवळले, त्याच पोलिसांनी हुकमावरून निरपराध माणसं मारली, म्हणून युद्धानंतर ती मूठ सोडवली... अप्पा असे रंगले की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

हे वेड कुठून आलं, ते मला उशिरा कळलं. फार वर्षांपूर्वी उमरीच्या बाजारात, साहेबांच्या हुकमावरून, अप्पांनी लक्ष्मणराव नावाच्या पेरूवाल्यावर काठी चालवली होती. त्याचा हात मोडला. "हुकूम साहेबाचा व्हता सर, पण काठी माझ्या हातात व्हती," अप्पा म्हणाले होते. आणि एक दिवस धापा टाकत वर्गात आले. "सापडलं! हुकूम बेकायदा वाटला तर तिथल्या शिपायानं वरच्याला तसं सांगायलाच पायजे. अन् माणसाची इज्जत तुडवणारा हुकूम असंल, तर पाळायचाच न्हाई! कायद्यात लिहून ठिवलंय, लई भारी!" डोळे नुसते लखलखत होते. त्याच आठवड्यात ते लक्ष्मणरावांची माफी मागायला उमरीला गेले. परत आल्यावर मी विचारलं, "मागितली का?" तर म्हणाले, "राहूनच गेलं की हो..." आणि पुढं दुखण्यानं गाठलं.

माझ्या जिवाला चैन पडेना. ही माफी आपण पोचवायची, असं ठरवून मी मागच्या रविवारी उमरी गाठली. लक्ष्मणराव दारातच भेटले, डावा हात कोपरात वाकडा. अप्पा गेल्याचं सांगितलं, तसे ते भिंतीला टेकून खाली बसले. मी म्हणालो, "त्यांना तुमची माफी मागायची होती. ती राहिली, म्हणून मी आलो."

"राहिली कशाची? दोन घंटे हा हात धरून जर्मनीचं सांगून राहिले व्हते. मधीच रडायचे, पुन्हा सांगायचे. तेवढ्यावरनं मला कळलं न्हाई व्हय?" मला हुंदका आवरेना. काय माणूस होता राव!

लक्ष्मणरावांनी बाजेवर घोंगडी टाकली. म्हणाले, "बसा. त्या देशाचे दोन तुकडे एक झाले, तवा पलीकडच्या पोलिसांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं अन् जमादारांची बस आली. तुम्हाला ठाऊक हाय का?"

मी चपला काढल्या, बाजेवर मांडी घातली आणि सांगायला लागलो.