दोन पट्ट्यांच्या फटीतला गंधार

दौलतच्या सुजाताचा फोन आला तेव्हा मी नार्नूरच्या बाजारात वांग्यांवरून एका बाईशी हुज्जत घालत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी वांगी तशीच टाकून निघालो, दहा पावलं गेलो, आणि काय सुचलं कोण जाणे, मागे फिरून ती विकत घेतली. पिशवी हातात घेऊनच दौलतच्या घरात शिरलो. गर्दीतल्या कुणीतरी ती माझ्या हातातून काढून घेतली... महिना होऊन गेला, तरी बाजारात वांगी दिसली की मी वाट बदलतो.

दौलत दुर्गे इथल्या मराठी शाळेत मास्तर होता आणि मी मंडलाच्या महसूल दफ्तरात कारकून. त्यानं मुलांना बाराखडी शिकवली, मी मिसलींची, जुन्या सरकारी फायलींची, धूळ खाल्ली. पण संध्याकाळी विहारात तो पेटीवर आणि मी ढोलकीवर, असं तीस वर्षं चाललं. जयंती असो, लग्न असो की कुणाची पुण्यानुमोदनाची सभा, आमची जोडी ठरलेली. तीस वर्षं मांडीला मांडी लावून बसल्यावर माणूस पुरता कळला असं वाटू लागतं. मला तसंच वाटत होतं, आणि मी सपशेल चुकलो होतो.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मास्तरच तो, कागदाची चिठ्ठी त्याला पटेना. पाटी आणि पेन्सिल घेऊन बसायचा, लिहायचा, आपण वाचलं की मनगटानं पुसायचा. एका शनिवारी मी गेलो तर पाटीवर आधीच लिहून ठेवलेलं होतं : "आईचं गाणं माह्यासंग जाईल."

त्याची आई जानकीबाई कापूस वेचायला जायची. वेचता वेचता शेताच्या एका टोकाच्या बायांना दुसऱ्या टोकावरून हाक मारायची, त्या हाकेचंच तिनं गाणं केलं होतं. त्यात एक गंधार होता. दौलतनं पेटी पुढ्यात ओढली, कोमल गंधाराची काळी पट्टी दाबली आणि मान हलवली. नाही. शुद्ध गंधाराची पांढरी दाबली. हाही नाही. मग दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या फटीवर नख ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "इथं हाय. पेटीत नाही. गळ्यात होता. गळा गेला."

मी काय म्हणालो असेन? "काऊन बे दौलत, एवढ्याशा फरकानं कोनाचं काय बिघडते?" त्यानं नुसती पाटी पुसली. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

सुजाता मंचेरियलला शिक्षिका आहे, दर शनिवारी लॅपटॉप घेऊन घरी यायची. तिनंच मार्ग काढला, "बाबा, मिडी कीबोर्ड घेऊ." माझी बायको शेजारीच बसली होती. मिडी म्हणजे तिला पोरींचा फ्रॉकच ठाऊक, ती म्हणाली, "दुर्गे सरायले मिडी?" दौलत आवाजाशिवाय इतका हसला की त्याला उचकी लागली. सुजातानं समजावलं, या वाद्याला स्वतःचा आवाज नसतो. तार लॅपटॉपला जोडायची, आवाज तिकडून येतो. "म्हंजे माह्यावानीच," दौलतनं लिहिलं.

आता निवड करायची होती, आणि हात आखडता होता. औषधपाण्यातून जे उरेल तेवढ्यातच बसवायचं. हे काम माझं. आयुष्यभर तुलनेचे तक्तेच केले होते, त्यामुळे रेघा मारून रकाने पाडले : पट्ट्या किती, बोर्ड किती वजनाचा, बिघडला तर जबाबदारी कुणाची. मंचेरियलला निघताना दौलतला विचारलं, "तुले काय पाह्यजे ते सांग." त्यानं एकच शब्द लिहिला : "चाक". मी मान डोलावली. अर्थ मला चोख कळला होता.

दुकानदाराशी हिंदीत दोन तास घासाघीस करून मी एकोणपन्नास पट्ट्यांचा कीबोर्ड आणला. आणि त्याच भावात, फुशारकीची गोष्ट, खाली चार चाकं असलेला स्टँड. घरात आणून तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढकलून दाखवला. दौलतनं स्टँडकडे पाहिलं, मग कीबोर्डची डावी बाजू चाचपली. तिथं नुसती दोन बटणं होती. त्याचा चेहरा असा उतरला की मी स्टँड ढकलायचा थांबलो. पाटीवर आलं, "स्टँडले नाही बे बबन्या. वाजवाच्या डब्याले."

मग सुजातानं मला सांगितलं. काही कीबोर्डना डावीकडे एक लहानसं चाक असतं. पट्टी दाबून धरायची आणि चाक फिरवायचं, की सूर जागचा हलतो, वर चढतो, खाली उतरतो. बटणानं तो एकदम उडी मारतो. चाकानं मात्र हवा तिथे, अगदी फटीतसुद्धा, थांबवता येतो. दौलतनं हे तिच्याकडून कधीच समजून घेतलं होतं. माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

दुकानदार कुरकुरला, पण त्यानं बदलून द्यायचं कबूल केलं. चाकवाला हैदराबादहून मागवावा लागला आणि आमच्या ऐपतीत आला तो बत्तीस पट्ट्यांचा. मला तो खेळण्यातला वाटला. "आता जास्ती पट्ट्यायचा सोडून कमी पट्ट्यायचा घेतं?" मी चिडून विचारलं. त्यानं शांतपणे लिहिलं, "आईच्या गळ्याले अडीच सप्तकं पुरले. मले काय धाड भरली?"

ज्या सकाळी त्यानं ते गाणं वाजवलं, त्या सकाळी मी तिथं होतो, हे माझं भाग्य. जन्मभर ज्या डाव्या हातानं भाता मारला, त्याचा अंगठा आता चाकावर होता. पहिली ओळ साधीच गेली. मग उजव्या बोटानं कोमल गंधार धरला, अंगठा जेमतेम केसभर सरकला... आणि फटीतला तो सूर लागला. तो सूर दुःखाचा नव्हता, आनंदाचाही नव्हता. लांबून कुणीतरी आपलं नाव घेऊन हाक मारत होतं. मी तीस वर्षं या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो आणि त्याच्या कानात एवढं काही वाजतंय, हे मला ठाऊकच नव्हतं! जानकीबाईबरोबर कापूस वेचणाऱ्या सोनाबाई दाराशी बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, ऐकू कमी येतं. त्या चटकन उठून उभ्या राहिल्या. "जानकीच बोलून राह्यली न बाई," म्हणाल्या, आणि पदर सावरत अंगणापलीकडे पाहू लागल्या. दौलत वाजवत राहिला. त्याचे डोळे वाहत होते, पण अंगठा चाकावरून ढळला नाही.

गेल्या शनिवारी सुजातानं त्या सकाळी लॅपटॉपवर उतरवून घेतलेलं रेकॉर्डिंग लावलं. कीबोर्ड खोलीत जागच्या जागी आहे, वर धुतलेला टॉवेल. मी तिला विचारलं, "याच्यात त्याचा आवाज नाही, मंग नेमकं काय हाय?" तिनं पडदा माझ्याकडे वळवला. कोणती पट्टी, किती जोरात, किती वेळ, एवढीच नोंद असते म्हणाली. आणि खाली एक बारीक रेघ होती. सरळ चाललेली, गंधारापाशी किंचित उचललेली, तिथं थोडी थरथरलेली, मग पुन्हा सरळ. "हा बाबांचा अंगठा," ती म्हणाली.

मी दफ्तरात जन्मभर लोकांचे अंगठे घेतले. शाई लावायची, बोट धरायचं, कागदावर दाबायचं. लिहिता येत नाही म्हणून अंगठा. जानकीबाईंचाही असेल कुठल्यातरी मिसलीत, बहुधा मीच घेतलेला, मान वर करून न पाहता.

"पुन्हा लावू का काका?" सुजातानं विचारलं.

मी म्हटलं, "लाव."