रविताबद्दल सांगायचं कोणी

बाजाराच्या दिवशी धडगावहून येणारी जीप वळणावर दिसली, की पहिली-दुसरीतल्या मुली फाटकाकडे पळायच्या. दवाखान्यात गेलेली रविता तिच्यातून उतरेल म्हणून. रविता नंदुरबारच्या दवाखान्यातच वारली होती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. म्हणजे शाळा सुटल्यावर मुलींची आई, नर्स आणि वॉचमन, सगळं एकाच पगारात. मूळची मी सांगलीकडची. या लहान मुलींना फक्त त्यांची पावरी बोली येते आणि मला ती येत नाही. नववीतली रविता मध्ये बसून दोन्हीकडचं बोलायची. कुणाचं पोट दुखतंय, कोण कुणाशी भांडलंय, मला तिच्या तोंडून कळायचं.

तिला सिकलसेल होता. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अंग असह्य दुखतं. या वेळचं दुखणं थांबलंच नाही. ती गेली आणि शाळेची चौकशी लागली.

आमचे मुख्याध्यापक इकडचेच, खानदेशातल्या रनाळ्याचे. माणूस वाईट नाही, पण वरच्या ऑफिसचा फोन आला की त्यांना घाम फुटतो, आणि घाम फुटला की ते अहिराणीवर येतात.

"मॅडम, चौकशी व्हई जाऊ द्या. तोपावत धाकल्या पोरीस्ले काही सांगानं नही."

मोठ्या मुलींनाही त्यांनी तोच दम भरला. त्या तशाही भीतीने रविताचं नाव घ्यायला तयार नव्हत्या.

हुकूम मी मोडलाही. एका संध्याकाळी लहानग्यांना जवळ बसवून म्हटलं, रविता आता येणार नाही. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "हो मॅडम." त्या मला सगळ्यालाच "हो मॅडम" म्हणतात. पुढच्या बाजारी पुन्हा फाटकावर हजर. जेवण मात्र अर्धं टाकायच्या, आणि का ते मला विचारता येत नव्हतं. एवढ्या मुलींच्या गलक्यात मी इतकी एकटी कधी पडले नव्हते.

मग एका बाजारी जीपमधून रविताची आई उतरली. लेकीच्या सामानाची पेटी न्यायला आली होती. मुलींनी तिला घेरलं आणि एकदम काहीतरी विचारलं. ती बाई तिथेच मातीत बसली. धाकटीला मांडीवर घेतलं आणि हळूहळू बोलत राहिली. मला त्यातलं 'रविता' एवढंच कळलं. मुली रडायला लागल्या. मीही रडले, जरा लांब उभी राहून.

बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे आली. बाजारात शिकलेल्या अहिराणीत विचारलं, "यास्ले कोनी सांगं नही का?"

मी म्हटलं, मला यांची भाषा येत नाही.

तिने आवाज चढवला नाही. "मन्ही पोरले तर तुमनी येत व्हती," म्हणाली, आणि पेटी डोक्यावर घेऊन निघाली.

मुलींनी फाटकावर जाणं सोडलं. हळूहळू ताटंही रिकामी होऊ लागली. चौकशीत शाळेचा दोष निघाला नाही. मी दुसरीतल्या मुलींकडून पावरी शिकते आहे. त्या मला मनसोक्त हसतात.

नव्याने रुजू होणाऱ्या अधीक्षिकांना मी एवढंच सांगते. स्टॉक, किराणा, मीटिंगा आपोआप जमतात. पहिल्या महिन्यात मुलींच्या भाषेतली तीन वाक्यं पाठ करा: भूक लागली का, कुठे दुखतंय, आणि ती आता येणार नाही. तिसरं कधी लागू नये. पण पाठ करा.