शकीलभाईंनी अडवलेली फाइल

चहा घ्या आधी, कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या हुशारीवर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही. ऑफिसात कोणी नुसतं 'मॅक्रो' म्हटलं तरी मी अजून मान खाली घालते!

मी अमरावतीला एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात आहे. संस्थेच्या अकरा शाळा. काही अमरावतीत, काही अकोल्यात, एक चांदूर रेल्वेला. प्रत्येक शाळेच्या परीक्षेचं वेळापत्रक एक्सेलच्या वेगळ्या फाइलीत, आणि सगळ्या फाइली एकाच सामायिक फोल्डरमध्ये. बघायची मोकळीक सगळ्यांना, बदलायचा अधिकार मात्र तिघांनाच. एक मी. दुसरे आमचे प्रमुख वानखडे सर, ज्यांना माउस हातात घेतला की घाम फुटतो. तिसरे अकोल्याचे शकीलभाई. ते उन्हाळ्यात निवृत्त झाले, पण यादीतून त्यांचं नाव काढायचं कोणाला सुचलंच नाही.

आता सांगा, अकरा फाइली एकेक करून उघडायच्या, पासवर्ड टाकायचा, बदल करायचा, परत कुलूप लावायचं. डोकं ठिकाणावर राहील का माणसाचं? म्हणून मी दोन महिने डबा खाता खाता व्हिडिओ बघून मॅक्रो शिकले. मॅक्रो म्हणजे काय, तर एक बटण. ते दाबलं की कॉम्प्युटर आतल्या आत एकेक फाइल उघडतो, बदलतो, बंद करतो. आपण शेंगदाणे खात बसायचं!

त्या शुक्रवारी सकाळी सरांनी फर्मान काढलं. सोमवारचा गणिताचा पेपर मंगळवारी आणि मंगळवारचा मराठीचा सोमवारी.

"मॅडम, बारा वाजेपर्यंत साऱ्या शाळायले गेलं पाहिजे."

"बारा कशाला सर? पाच मिनिटांत देते!" जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

बटण दाबलं. दहा शाळा झाल्या. अकरावी चांदूर रेल्वे, आणि तिथे सगळं गोठलं. माउस हलेना, की काही दिसेना. मी वैतागून एक्सेल बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि चांदूरची फाइल हातानं उघडायला गेले. तर समोर पाटी आली: ही फाइल शकील यांनी उघडलेली आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल.

शकील? निवृत्त माणसाला चांदूरच्या वेळापत्रकाशी काय करायचंय? दहा मिनिटं थांबले. पाटी तीच. अर्धा तास थांबले. पाटी तीच! शेवटी लावला फोन.

"शकीलभाई, चांदूरची फाइल बंद करा बरं लवकर."

"कोनती फाइल ताई? मी त गिरणीवर दळन घेऊन उभा हावो."

"मग घरी कोणी उघडली असेल."

"घरी कंप्युटरच नाई जी! रिटायर झालो तवापासून माउसले हात नाई लावला."

"मग तुमचं नाव काय आभाळातून पडलं?"

मग ते हळूच म्हणाले, "ताई, तुमी मले खोटं पाडून राहिल्या का?"

इथे थांबायला हवं होतं ना मी? पण मला माझ्या बटणाचा माज! त्यात वानखडे सरांनी केबिनमधून सगळं ऐकलं आणि धावतच आले.

"म्हंजे पासवर्ड बाहेर गेला! आज टाइमटेबल, उद्या पेपर फुटतीन! लिहा ग्रुपवर!"

अकरा मुख्याध्यापकांचा आमचा एक ग्रुप आहे. सर सांगत गेले, मी लिहीत गेले. 'निवृत्त कर्मचारी शकीलभाई यांनी चांदूर रेल्वे शाळेची फाइल अनधिकृतपणे अडवून ठेवली आहे.' त्यातला 'अनधिकृतपणे' हा शब्द खास माझा. वाक्याला जरा वजन यावं म्हणून घातला.

लगेच चांदूरच्या मुख्याध्यापिका राऊत बाईंचा फोन. "मॅडम, उद्या सुट्टी हाय. सोमवारी कशाचा पेपर हाय थे आजच सांगा लागन पोरायले. फळ्यावर काय लिहू?"

"फाइल बदलल्याशिवाय काही लिहू नका म्हणतात सर."

"मंग कंप्युटर एक डाव बंद करून चालू करून पाहा ना!"

हे सरांनी ऐकलं आणि मागून ओरडले, "खबरदार! बंद करू नका! पुरावा हाय थो!"

आणि मी काय केलं माहितीये? मॉनिटरवर कागद चिकटवला. 'हात लावू नये.'

तीन वाजता दारात शकीलभाई उभे! अकोल्याहून बस पकडून, उन्हातून आलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहरा लालबुंद. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.

"तुमचा मेसेज आमच्या साऱ्या जठारपेठीत फिरला, ताई. बायको म्हने, काहून केलं तुमी असं? तीस वर्षं नोकरी केली, इथली टाचणी घरी नाई नेली मी. दाखवा, कुठं हाय माझं नाव."

मी खुर्ची सोडली. ते चष्मा लावून पडद्याजवळ वाकले, पाटी वाचली, मग कीबोर्डकडे बघितलं, मग टेबलाखालच्या सीपीयूच्या डब्याकडे.

"हे मशीन कवा आलं तुमच्याकडे?"

"माझं पावसाळ्यात जळलं ना. तेव्हा अकोल्याच्या शाळेत एक रिकामं पडलं होतं, ते सरांनी मागवून घेतलं."

"थे माझंच हाय! याच्या एक्सेलमंदी नाव अजून माझंच हाय, ताई. याच्यावरून कोनी बी फाइल उघडली, त शकीलनं उघडली असंच दिसते."

"पण मग चांदूरची फाइल उघडली कोणी?"

शकीलभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघितलं. केबिनच्या दारातून सरांनीही बघितलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि वाटलं, आता जमीन फाटली तर बरं!

त्यांनी कसलीशी तीन बटणं एकदम दाबली. आत दोन-दोन एक्सेल चालू होती. मी बंद केलं ते फक्त समोरचं. मॅक्रोनं आत उघडलेलं दुसरं सकाळपासून चांदूरची फाइल घट्ट धरून बसलं होतं. शकीलभाईंनी ते बंद केलं. पाटी गेली, फाइल उघडली, दोन मिनिटांत बदल झाला. शाळा सुटायच्या आत राऊत बाईंच्या फळ्यावर मराठी आली. सरांना तेवढ्यात कुठलासा महत्त्वाचा फोन आठवला आणि ते केबिनमध्ये गेले, ते बाहेर आलेच नाहीत.

"भाई, चुकलं माझं. माफ करा," मी म्हटलं. डोळ्यांत पाणीच आलं हो!

त्यांनी तेव्हा कुठे ग्लास उचलला. एका दमात पाणी प्यायले.

"माफ केलं जी. पन ग्रुपवर लिहा. मेसेज तसाच राहू द्या, 'अनधिकृतपणे' बी राहू द्या. नाव तेवढं बदला."

लिहिलं. बापरे, काय लिहिताना बोटं जड होतात स्वतःचं नाव! खाली अकरा मुख्याध्यापकांचे अकरा अंगठे आले. पहिला राऊत बाईंचा.

परीक्षा झाली सुरळीत. नंतर वानखडे सरांनी अधिकारांची यादी नव्यानं केली. शकीलभाईंचं नाव काढलं, ते स्वतःच म्हणाले होते काढा म्हणून. मग माझंही काढलं. मी तसं म्हटलं नव्हतं. आता अकराही शाळांची वेळापत्रकं राऊत बाई बदलतात, मी दोन महिने खपून केलेलं बटण दाबून.

मला ती फक्त वाचता येतात.