हिने लावलेली हळद

बायको दसऱ्याच्या आधी गेली. दिवसकार्य उरकलं आणि मुलगा मला सिंगापूरला घेऊन आला. तो रॅफल्स प्लेसला बँकेत आहे, राहतो बुकित बातोकला. बाबा, आता इथेच राहा, राहायच्या परवान्याचं, पासचं, मी बघतो, असं त्याचं रोज चाललेलं. मी हो म्हणत नव्हतो आणि नाहीही म्हणत नव्हतो. पौषातल्या एका रविवारी तो मला फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर फिरायला घेऊन गेला. उत्तर काढून घ्यायला आणलंय, हे मला कळत होतं.

वर मोठी हिरवळ आहे. पूर्वी तिथे गोऱ्यांच्या कबरी होत्या. आता त्यांच्यावरचे दगड तेवढे भिंतीत बसवून ठेवलेत. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मुलगा वाचून दाखवत होता. कोणाकोणाच्या बायका, तरुणपणीच गेलेल्या. मी विचारलं, ह्यांच्या नवऱ्यांचं पुढे काय झालं? गेले असतील आपल्या देशात, तो म्हणाला. बरोबरच आहे, मी म्हणालो. मग पुढचा दगड न वाचताच तो चालू लागला.

खाली मसाल्याची बाग आहे. लवंग, दालचिनी, मिरीचे वेल, सगळ्यांपुढे पाट्या. आमच्या परसात कोणी पाटी लावली नाही, तरी मिरी येते. पुढे हळदीचा वाफा होता. पानं पिवळी पडून आडवी झालेली. तिथे माझे पाय थांबले. हिने मिरगाला लावलेली हळदही एव्हाना अशीच झाली असणार.

"मला गावी जायचंय," मी म्हणालो. "हळद काढायला झाली."

"शेजारच्या काकूंना फोन करतो. त्या काढतील."

"काढतील आणि खातीलही. अरे, आईने लावलेली शेवटची आहे ती. बियाणं ठेवलं नाही, तर पुढच्या साली तिच्या हातचं घरात काय राहणार?"

तो वेलचीच्या पाटीसमोर जाऊन उभा राहिला. तेवढं वाचण्यासारखं त्या पाटीवर काही नसावं. डोळे पुसून परत आला.

"दोन तिकिटं काढतो. मीपण येतो. तुमचं परतीचं मात्र आत्ता काढत नाही."

"तुझं काढ," मी म्हणालो. "आणि हातमोजे घे. कुदळीने फोड येतील तुला."