रानात न घ्यायचं नाव

चाकणचा ज्योतीराम लॉरी झकास चालवायचा, पण काळजी करायचा त्याहून झकास. आभाळ मोकळं असलं तर ऊन लागेल म्हणून, भरून आलं तर भिजू म्हणून. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण बहुधा त्याच्याच कुणा पणज्यावरून पडली असावी!

अशा माणसानं भीमाशंकरच्या रानात चार दिवस मुक्काम ठोकायचं ठरवलं, ते केवळ बायकोपायी. मंजुळाबाईचा बाप त्या रानातून हिरडा आणायचा. तिथं भरदुपारी काळोख असतो, झाडांच्या अंगावर शेवाळ लोंबतं, हे ऐकतच ती वाढली. पाहिलं मात्र कधी नव्हतं. दिवाळी झाल्यावर मालकानं लढाईतली जुनी लॉरी वापरायला दिली. ज्योतीरामानं तिच्या हौद्यात फळ्यांचा माचा ठोकला, वर ताडपत्री ताणली, स्टोव्ह ठेवायला खोकं बसवलं. माच्याखाली पोत्याचं अंथरूण घातलं, ते वाघ्याचं.

वाघ्या म्हणजे त्यांचं कुत्रं. पोटी मूल नव्हतं, त्यामुळे घरातले सगळे लाड त्याचेच. त्याला मागं ठेवायची सोय नव्हती. एकदा दोघं आळंदीला लग्नाला गेली, तर हा पठ्ठ्या ती परत येईपर्यंत अन्नाला शिवला नाही.

सगळं जमलं आणि शेजारच्या आक्काबाईनं विचारलं, "कुत्र्याला नेताय व्हय? आन् हाक काय म्हणून मारणार?" तिचं माहेर रानाच्या कडेचं.

"वाघ्या म्हणूनच की," ज्योतीराम म्हणाला.

"अरं बाबा! रानात त्याचं नाव काढत न्हाईत. आमी नुसतं ‘जनावर’ म्हणतो. नाव घेतलं की ते येतंय, आन् पयलं कुत्रंच उचलतंय."

झालं! ज्योतीरामाची पाचावर धारण बसली. जाणं रद्द करावं, तर मंजुळाबाईनं केव्हाच चटण्या कुटून ठेवलेल्या. शेवटी त्यानं कुत्र्याचंच नाव बदलायचं ठरवलं. उठता-बसता ‘मोत्या, मोत्या’ सुरू झालं. भाकरी दाखवून मोत्या, पाठीवर हात फिरवत मोत्या. वाघ्या भाकरी खाई आणि कोण मोत्या आला म्हणून दाराकडे बघे. आळीतली माणसं विचारू लागली, "काय ज्योतीरामभाऊ, बारशाच्या घुगऱ्या कधी?"

ज्योतीरामाला हसू येत नव्हतं. रानात कुत्रं भेकराच्या मागं धावलं, तर हाक कुठल्या नावानं मारायची? मोत्या म्हणावं, तर ते वळणार नाही. खरं नाव घ्यावं, तर... पुढचं त्याच्यानं मनातही आणवेना. बायकोलाही त्यानं बजावलं, "चुकूनसुदिक ते नाव तोंडात येऊ देऊ नगंस."

निघायच्या आदल्या दिवशी लॉरी नीट चालते का ते बघायला तिघं मोशीच्या रस्त्याला लागली. इंद्रायणीच्या अलीकडे जरा थांबली. वाघ्यानं खाली उडी मारली, त्याला ससा दिसला, आणि तो सुटला तो थेट रस्त्याकडे. समोरून एस.टी. भरधाव येत होती.

"मोत्या! ए मोत्या! मोत्याऽ!" ज्योतीराम जिवाच्या आकांतानं ओरडला. कुत्र्यानं कानही हलवला नाही.

"वाघ्याऽ!"

ही मंजुळाबाईची हाक. कुत्रं जागच्या जागी थबकलं. एस.टी. त्याच्या नाकासमोरून धुरळा उडवत गेली.

ज्योतीरामानं तिथंच मटकन बसकण मारली. वाघ्या शेपूट हलवत येऊन त्याचं तोंड चाटू लागला. मंजुळाबाईला रडू आवरेना. "आवं, चुकलं माझं. तोंडातनं निघून गेलं ते नाव."

"तुजं न्हाई चुकलं." ज्योतीराम म्हणाला. "म्या कुत्र्याला शिकवीत बसलो, आन् शिकलं माजंच तोंड. मरण दिसत हुतं, तरी मोत्या-मोत्याच करत हुतो."

"मग उद्या जायचं न्हाई?"

त्यानं कुत्र्याच्या मानेला घट्ट मिठी मारली. भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

"जायचं," तो म्हणाला. "पर रानात हाक तू मारायचीस."